भूपाल मगदुमांचा शंभरावा फोटो

भूपाल मगदुमांचा एक्याण्णवावा फोटो परत आला, तेव्हा ते कृष्णेत गळ्याएवढ्या पाण्यात उभे होते. उदगावच्या काठावर गाजरं धुवायला ट्रॉल्या येतात. तो गाजरांचा लालभडक डोंगर पाण्याच्या अगदी बरोबरीनं टिपायचा म्हणून सकाळी सातला उतरलेले, आता नऊ वाजले होते. माशांनी पायाची बोटं कुरतडून कुरतडून गुळगुळीत केली होती. मनासारखं ऊन पडलं, बटण दाबलं, फोटो गेला आणि चार सेकंदांत उत्तर आलं.

'परत. कारण : अपेक्षित.'

"अपेक्षित?" भूपालराव नदीतनंच ओरडले. "अरे मुडद्या, तुझा बा उभारला होता का हितं दोन तास?"

उत्तर म्हणून कॅमेऱ्याच्या पडद्यावर तसलेच चार हजार दोनशे फोटो आले. जगात इतकी माणसं पाण्यात बुडून गाजरांकडे बघत असतात, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

"काका, बाहेर या आता," काठावरची बाई म्हणाली. "गाजरं कधीच धुऊन झाली. तुम्हीच तेवढं राहिलायसा."

भूपालराव म्हणजे जयसिंगपूरच्या अकराव्या गल्लीतले मगदूम फोटोवाले. एके काळी पंचक्रोशीतली निम्मी लग्नं त्यांनी काढली. "मान जरा डावीकडे, हनुवटी खाली, आता हसा," असं ते म्हणाले की भांडखोर व्याही-विहिणीसुद्धा निमूट हसायच्या. पुढं प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि स्टुडिओत पाली तेवढ्या उरल्या. मग भूपालरावांनी चित्रपेढी धरली.

चित्रपेढी म्हणजे परदेशातली एक कंपनी. किराणा दुकानात जशी डबे मांडून डाळ-तांदूळ ठेवतात, तसे ही कंपनी फोटो ठेवते. कुणाला जाहिरातीला लिंबू पाहिजे, कुणाला पुस्तकाला म्हैस, तो तिथून घेतो आणि फोटोवाल्याला त्यातला चिमूटभर हिस्सा मिळतो. बावीस वर्षांत भूपालरावांनी अकरा हजार फोटो तिथं ठेवले. त्यांचं एक लिंबू फिनलंडमध्ये सरबताच्या बाटलीवर चिकटलं होतं. खाली बारीक अक्षरात 'बी. मगदूम'. ती बाटली कुणी बघितली नव्हती, पण अकराव्या गल्लीत तिची गोष्ट पाठ नसलेला माणूस नव्हता.

डोक्याला ताप तेव्हाही होताच. कधी 'प्रकाश कमी', कधी 'आमच्याकडे टोमॅटो पुरेसे आहेत'. पण तेव्हा परत पाठवणारं निदान माणूस होतं. त्याला मनात शिव्या घालता यायच्या आणि त्या लागल्यासारख्या वाटायच्या.

मग कॉम्प्युटर आपले आपणच फोटो बनवायला लागले. सांगायचा अवकाश, लिंबू तयार. खऱ्या लिंबाला कुत्रं विचारेना. पाच-सहा वर्षं असं चाललं आणि त्या कॉम्प्युटरांची अक्कलच नासली. ती कशी, तर पंगतीत पाहुणे वाढले की ताकात पाणी घालतात, आणखी वाढले की आणखी घालतात. शेवटी पातेल्यात पाणीच उरतं, त्याला ताक म्हणायची रीत तेवढी राहते. कॉम्प्युटर आधी खऱ्या फोटोंवर शिकला होता. पुढं जिकडंतिकडं त्याचेच बनावट फोटो झाले, तर तो त्यांच्यावरच शिकायला लागला. मग आंब्याला दोन्हीकडे देठ, आणि जगातल्या सगळ्या बायका एकाच आईच्या जुळ्या लेकी.

तेव्हा कंपनी परत आली. म्हणाली, आम्हाला खरे फोटो पाहिजेत, हा घ्या आमचा कॅमेरा. ह्यात अशी चकती आहे की समोरची वस्तू किती लांब, हवा किती गरम, वेळ कुठली, सगळं फोटोबरोबर मोहोरबंद होतं. बनवाबनवी चालायची नाही. भूपालरावांनी गल्लीत पेढे वाटले.

पेढे पचायच्या आत मास्तर आला.

मास्तर हे फोटोवाल्यांनीच ठेवलेलं नाव. फोटो तपासणारं ते यंत्र. फोटो गेला की मास्तर त्याचा एक कोपरा तेवढा बघतो आणि बाकीचा फोटो काय असेल ते स्वतःच्या मनानं काढतो. मग आपला अंदाज आणि खरा फोटो शेजारी ठेवून फरक मोजतो. त्या फरकाचा आकडा म्हणजे नवलांक. सूर्य पूर्वेला उगवला ही काही बातमी नव्हे. जे आधीच ठाऊक होतं त्यातनं शिकणार काय? म्हणून शंभरात साठच्या वर नवल असेल तरच फोटो ठेवायचा, नाहीतर 'अपेक्षित'. भिंगावर अंगठा ठेवून काळाकुट्ट गोंधळ पाठवला, तर तो 'अर्थहीन' म्हणून परत. आणि एखादा फोटो पसंत पडला तर मास्तर तो गिळतो. गिळला की तसलं सगळं त्याला पाठ. दुसऱ्यांदा त्यात नवल नाही.

वर अट अशी, की रोज निदान एक फोटो पाठवलाच पाहिजे, आणि लागोपाठ शंभर परत आले की खातं कायमचं बंद. बावीस वर्षांचे अकरा हजार फोटो कंपनीचे, खालचं 'बी. मगदूम' पुसून टाकणार.

भूपालरावांच्या बायकोचा, राजमतीचा धाकटा भाऊ जिनपाल, त्याचं शिरोळ रस्त्याला खता-औषधांचं दुकान. त्यानं नेमिनाथाच्या देवळासमोर, चार पाहुण्यांच्या देखत भूपालरावांकडनं कबूल करून घेतलं होतं. "दाजी, शंभर भरले की मुकाट्यानं दुकानात येऊन बसायचं. युरियाचं पोतं नवल मागत नाही. गिऱ्हाईक येतंय, पोतं उचलतंय, जातंय."

"भरायचे न्हाईत," भूपालराव तेव्हा मिशीवर हात फिरवून म्हणाले होते. एकच पसंत झाला की मोजणी परत शून्यापासून. त्यात काय एवढं?

तर आता एक्याण्णव झाले होते.

आणि हा ताप एकट्या भूपालरावांना नव्हता. नांदणीच्या एका गवळ्यानं आपली म्हैस गच्चीवर नेऊन फोटो काढला आणि मास्तरनं तो घेतला. झालं! आठवड्यात तीन गावांत मिळून सतरा म्हशी गच्चीवर. आता म्हैस जिना चढते, पण उतरत नाही. काही केल्या ती खालच्या पायरीवर पाय ठेवत नाही. मग घरच्या बायांनी वैरण वर पोचवायची आणि दुधाची बादली दोरीनं खाली सोडायची. शेजारच्या कलगोंडा खोताच्या घरी तर पाहुण्यांना म्हैस डोक्यावर हंबरत असताना च्या प्यावा लागला.

भूपालराव म्हणाले, नुसती म्हैस त्याला पाठ झाली असेल. त्यांनी कलगोंडाची ती वरची म्हैस गाठली, तिला गॉगल घातला, शिंगाला छत्री बांधली आणि बटण दाबलं.

'परत. कारण : अपेक्षित.' खाली गॉगल घातलेल्या तीनशे म्हशी. त्यातल्या दोघींच्या हातात, म्हणजे शिंगात, छत्र्या.

चौऱ्याण्णव.

शेवटी साखर कारखान्याची उसाची क्रेन आणून म्हशी उतरवल्या. कलगोंडाची म्हैस गॉगलसकट हवेतनं खाली आली आणि तिनं त्यानंतर भूपालरावांच्या दाराकडं तोंड म्हणून केलं नाही. कलगोंडानंही केलं नाही.

सत्त्याण्णव झाल्यावर कंपनीला कणव आली म्हणा, नाहीतर मास्तरचा वेळ फुकट जायला लागला म्हणा, तिनं कॅमेऱ्यात नवी सोय घातली. तिचं नाव 'अंदाज'. बटण दाबायच्या आधीच मास्तरला काय वाटतंय ते पडद्यावर दिसायचं, बोट सरकवलं की त्याच्या पुढचंही. त्याच्यापेक्षा वेगळं काही असलं तरच फोटो पाठवा, उगाच त्रास देऊ नका. करारात लिहिलं होतं की कॅमेरा घरात कायम जागा राहील. भूपालरावांनी करार वाचला नव्हता. करार कोण वाचतं? दिवाणखान्यातल्या फळीवर बसून तो दिवसभर घरातलं बघत होता, ऐकत होता, आणि मास्तर शहाणा होत होता.

सोमवारी सकाळी भूपालराव फळीसमोर खुर्ची टाकून बसले होते. पडद्यावर अंदाज उमटला : राजमती, उजव्या हातात च्याचा कप, डावा पदर खोचलेला, कपाळावर एक बट.

आतनं राजमती आली. उजव्या हातात च्याचा कप, डावा पदर खोचलेला, कपाळावर एक बट.

"घ्या," ती म्हणाली. "आणि काल परत आलेल्या फोटोचं रडकं तोंड आज नको."

भूपालरावांनी रागानंच बटण दाबलं. 'अपेक्षित.' अठ्ठ्याण्णव.

"तू जरा वेगळं काही करत जा की!" ते भडकले.

"म्हणजे? एकतीस वर्षं च्या दिला, आता कप उपडा करून देऊ?"

"डोक्यावर घेऊन ये."

दुसरी कुणी असती तर तोच कप ह्यांच्या डोक्यावर रिकामा केला असता. पण राजमतीला जिनपालचं ते दुकान आणि पोत्यावर बसलेला आपला नवरा डोळ्यांसमोर दिसला. मंगळवारी सकाळी तिनं पदर सावरला, कप डोक्यावर ठेवला आणि दारात उभी राहिली. बावन्न वर्षांची बाई, मान ताठ, डोक्यावर वाफाळता च्या.

"मान जरा डावीकडे. हनुवटी खाली. आता हास."

मान डावीकडे गेली आणि च्या नाकावरनं खाली आला. बटण मात्र दाबून झालं होतं. 'अपेक्षित.' खाली डोक्यावर कप घेतलेल्या सहा हजार बायका. नव्व्याण्णव.

राजमती पदरानं नाक पुसत होती. भाजलं फार नव्हतं. त्या क्षणी गप्प बसले असते तरी निभावलं असतं. पण भूपालरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेलेली, जीभ सुटली.

"त्याचं तरी काय चुकलं? तुझ्यात नवलच राहिलं न्हाई काही!"

राजमतीनं कप विसळून पालथा घातला, आत गेली, आणि माळ्यावरची बॅग खाली आल्याचा आवाज आला. अकराच्या गाडीनं माहेरी, अब्दुललाटला.

भूपालरावांना कळलं काय बोललो ते. उठून आत जावं, दोन शब्द बोलावेत असं वाटत होतं, पण कुठले दोन, ते सुचेना. तेवढ्यात फळीवर कॅमेऱ्याचा पडदा उजळला. मास्तरचा नवा अंदाज : दारात राजमती, हिरवं इरकली लुगडं नेसलेली, उजव्या हातात बॅग, पदर नाकाला, डोळ्यांत पाणी.

त्यांनी कॅमेरा उचलला. आणि आतनं राजमती आली. हिरवं इरकली, उजव्या हातात बॅग.

"जाते मी. पीठ दळून आणलंय, लोणचं..." तिचं लक्ष पडद्याकडं गेलं. "हे काय?"

"तू," भूपालराव म्हणाले.

"मी अजून दारात पण आले न्हाई, आणि हे मेलं मला रडवून मोकळं?"

"सगळ्या बायका अशाच जातात म्हणे माहेरी. त्याच्याकडं लाखभर फोटो हाईत."

"बघू. म्होरं काय दावतंय?"

भूपालरावांनी भीत भीत बोट सरकवलं. स्टँडवर राजमती, तोंड फिरवून. मग स्कूटरवर भूपालराव, अब्दुललाटच्या रस्त्याला. मग राजमतीच्या भावजयीच्या बाहेरच्या सोप्यात खाली मान घालून बसलेले भूपालराव. मग, खाली 'शुक्रवार, दुपार' असं लिहिलेलं, त्याच स्कूटरवर मागं राजमती, मांडीवर बॅग.

"शुक्रवारी?" राजमती म्हणाली. "मी शुक्रवारी परत पण आले?"

"हूं."

"एवढ्यात? मी तर पुनवेपर्यंत राहणार होते!"

"तुझ्या मनात काय होतं ते मला काय..."

"त्या भांड्यानं सांगायचं, मी कधी रुसायचं आणि कधी यायचं?" तिनं बॅग दारातच आपटली. "जात न्हाई जावा! कुठंच जात न्हाई!"

आणि ती त्या बॅगेवरच बसली. आता रडायचं तर मास्तरनं आधीच रडवलेलं. भांडायचं तर तेही त्याला ठाऊक असणार. करावं काय माणसानं? तिनं बॅगेच्या कप्प्यातनं भावजयीसाठी घेतलेला भडंगाचा पुडा काढला, दातांनी फोडला आणि बकाणा भरला. भरल्या तोंडानं नवऱ्याकडं बघितलं. हातात कॅमेरा, तोंड उघडं, शेतातल्या बुजगावण्यासारखा उभा. आणि तिला हसू फुटलं. असं तसं नव्हे. शेंगदाणे उडाले, कुरमुरे उडाले, इरकलीवर मसाला सांडला. राजमतीचा पुढचा एक दात पडलेला, म्हणून गेली आठ वर्षं ती तोंडावर हात ठेवून हसायची. आज एका हातात पुडा, दुसरा बॅगेवर, आणि ती खिडकी सताड उघडी. डोळ्यांतनं पाणी वाहतंय, आणि ते कसलं ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

भूपालरावांच्या जिभेवर 'मान जरा' आलं होतं. त्यांनी जीभ चावली. रक्त येईस्तोवर चावली, आणि बटण दाबलं.

चार सेकंद गेले. आठ गेले. मास्तरला इतका वेळ कधीच लागला नव्हता.

'पसंत. नवलांक : सत्त्याण्णव.'

"राजमती!" भूपालराव नाचायलाच लागले. "सत्त्याण्णव! गावात काय, जिल्ह्यात कुणाला न्हाई मिळालं! जिनपालला म्हणावं, ठेव तुझा युरिया!"

पडद्यावर पुढची ओळ आली. फोटोत माणसाचा चेहरा असला तर त्या माणसाची सही लागते. अट जुनीच, पण वर्षभरात चेहऱ्याचा फोटो कधी पसंतच झाला नव्हता. पाच मिनिटांत सही, नाहीतर फोटो 'परत' धरला जाईल.

"हितं बोट फिरव नुसतं," भूपालरावांनी कॅमेरा पुढं केला.

"आधी वाचा तरी काय लिवलंय ते," राजमती म्हणाली. "मागचं वाचलं न्हाई म्हणून हे बेणं आपल्या फळीवर बसून मोजालंय मला."

भूपालरावांनी आयुष्यात पहिल्यांदा करार मोठ्यानं वाचला. "सदर हास्य, तसेच सदर व्यक्तीचे तत्सम हास्य, यंत्राच्या शिक्षणासाठी..." त्यांचा आवाज हळू झाला.

"म्हणजे काय ओ?"

"म्हणजे, हे तो शिकणार."

"आणि मग मी परत अशी हसले तर?"

"तर..." ते अडखळले. "त्याला आधीच कळणार."

"हिकडं, ह्या फळीवर? मी हसायच्या आधी?"

"हूं."

राजमतीनं हातातले उरलेले शेंगदाणे परत पुड्यात टाकले. हात इरकलीला पुसला. "आणा," ती म्हणाली. "करते सही."

"करतेस?"

"मग काय तर. बावीस वर्षं उन्हातान्हात तुम्ही फिरलेलं मी बघितलंय. ते सगळं त्यांच्या घशात जाऊ दे म्हणू? आणि त्या जिनपालच्या दुकानात तुम्ही पोत्यावर बसलेलं मला बघवायचं न्हाई. आणा हिकडं. हसू काय, येईल आणि एखादं."

तिनं बोट पुढं केलं. पडद्यावर आकडे उतरत होते, दोन मिनिटं दहा सेकंद, दोन मिनिटं नऊ.

भूपालरावांनी कॅमेरा दिला नाही. ते बघत राहिले. आधी पडद्यावरच्या राजमतीकडं, मग बॅगेवरच्या. बॅगेवरचीच्या हनुवटीला एक कुरमुरा चिकटला होता. गेले दोन दिवस त्यांनी तिला बघितलं होतं ते अंदाजाशी ताडून बघायला. जुळली की चिडायचं. आता कशाशीच न ताडता बघत होते, आणि त्यांना उगाच वाटलं की ही बाई आता काय करेल ते आपल्याला अजिबात सांगता येणार नाही.

"अहो, येळ चाललाय!"

"जाऊ दे."

"काय जाऊ दे? अकरा हजार फोटो हाईत!"

"अकरा हजारात लिंबंच निम्मी," भूपालराव म्हणाले. "लिंबू घे म्हणावं, म्हैस घे. हे न्हाई मिळायचं."

आणि त्यांनी कॅमेरा टीपॉयवर पालथा घातला, जसा मघाशी तिनं कप घातला होता. बाहेर गल्लीत कलगोंडाची म्हैस हंबरली. पालथ्या कॅमेऱ्यातनं एक बारीक टूंक आली, मग दुसरी, मग लाल दिवा विझला.

शंभर भरले.

भूपालरावांनी नाक ओढलं. राजमतीनं पुडा त्यांच्यापुढं धरला, त्यांनी बकाणा भरला. दोघांनी मिळून भावजयीचा भडंग संपवला.

"जिनपाल नऊला उघडतोय दुकान," राजमती शेवटी उठत म्हणाली. "टोमणे मारील, ऐकून घ्या. पोती उचलायला जाऊ नका, कंबर हाय तुमची तसली. आणि डब्याचं काय? काय देऊ उद्या?"

"सांगू नकोस," भूपालराव म्हणाले. "उघडून बघतो."